लतीफाबींच्या वहीसाठी जागा

दिनांक १२ ऑगस्ट २०२४ रोजी आमच्या मोटर रिवायंडिंग कारागीर संघटनेच्या खात्यात एकूण रुपये १४,७५० जमा झाले. सभासद एकशे अठरा, वर्गणी प्रत्येकी एकशे पंचवीस. एकाचीही बाकी राहिली नाही. या संघटनेत त्याआधी असं कधी झालं नव्हतं.

मी संघटनेचा खजिनदार आहे, कारागीर नाही. मंगरूळपीरच्या एका पतसंस्थेत चौतीस वर्षं हिशोब सांभाळतो आणि येत्या ३१ मे रोजी निवृत्त होतो. जळालेली मोटर उघडून तिच्यात तांब्याची नवी तार भरणाऱ्या या मंडळींना पावतीपुस्तक नीट ठेवणारा माणूस हवा होता, म्हणून त्यांनी मला धरलं. ते मला मुनीमच म्हणतात. हे पैसे गोळा झाले इंटरनेटवर संघटनेचा फोरम काढण्यासाठी. कुणीही प्रश्न टाकावा, कुणीही उत्तर द्यावं आणि ते उत्तर पुढच्या माणसाला शोधून सापडावं, अशी जागा. ती काढायची वेळ आली लतीफाबींमुळे.

लतीफाबींचं माहेर किन्हीराजाचं. वडील बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायचे. शाळा चौथीपर्यंत. १९८३ साली लग्न होऊन त्या मंगरूळपीरला आल्या, तेव्हा चांदमियांनी स्टँडजवळ नुकतंच दुकान टाकलं होतं. चांदमियांचा हात चांगला, पण तोंड सारखं चालू. बोअरच्या मोटरीत तार एकेक फेरा हातानं ओवावी लागते, तिथं मोजायला यंत्र नसतं. एकेका खाचेत तीस, चाळीस, कधी पन्नास फेरे. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता चांदमियांचा आकडा चुकायचा. म्हणून ते मोटरीचा गाभा घरी पाठवू लागले, आणि लतीफाबी अंगणात चटईवर बसून तार ओवू लागल्या. समोर दोन बश्या. दहा फेरे झाले की डाव्या बशीतला एक चिंचोका उजवीकडे. दहाच्या आतले फेरे ओठांवर. ओठ हलत असताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरातला कायदा होता. मुलं भूक लागली तरी ओठ थांबायची वाट पाहत.

वहीही त्यांच्याच हातची. कोणत्या मोटरीला किती खाचा, कोणत्या जाडीची तार आणि किती फेरे, याला या धंद्यात डाटा म्हणतात. उस्ताद शागिर्दाला सगळं शिकवतो, डाटा तेवढा देत नाही. चांदमियांनी अकोल्याला आठ वर्षं उस्तादाकडे काढली आणि दिवसभर चोरून पाहिलेले आकडे रात्री खोलीवर जाऊन वहीत उतरवले. ती पहिली वही १९९६ साली पत्र्यातून गळलेल्या पाण्यात भिजली आणि शाई पसरून गेली. दुसरी लतीफाबींनी लिहिली, काही आठवून, काही प्रत्येक नवी मोटर उघडल्यावर तारा मोजून. तीत कंपनीचं नाव क्वचित आहे. 'शेलूबाजार रोड, लिंबाखालची', 'पाटलाची, आवाज करते ती' अशा नोंदी आहेत. एकंदर चारशे बारा.

आठ वर्षांपूर्वी चांदमिया गेले. दुकान आता बंद होणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. नवरा गेल्यावर पाळायची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली आणि दुसऱ्या दिवशी लतीफाबींनी स्वतः शटर वर केलं. मग लोकांना कळलं की इतकी वर्षं मोटर बांधत कोण होतं.

त्यांनी एक गोष्ट मात्र चांदमियांपेक्षा वेगळी केली. कुणीही डाटा विचारला की त्या सांगू लागल्या. आधी गावातले कारागीर आले, मग रिसोड, मालेगावचे फोन सुरू झाले. रिसोडचा मुन्ना, जो पुढं संघटनेचा अध्यक्ष झाला, त्यांना माझ्यासमोर म्हणाला होता, "खाला, फुकट वाटून राह्यली तं कदर राहत नाई. दहा रुपये तं लाव."

"तुह्याकडून दहा रुपये वसूल करायले मले वीस रुपये लागतीन," लतीफाबी म्हणाल्या. मग तारेचं टोक दातात धरून जरा वेळानं म्हणाल्या, "जळते ते शेतकऱ्याची मोटर. उस्तादाचं काय जळते?"

अडचण एवढीच होती की विचारणारे वाढले, फोन एकच, आणि कान आणि ओठ एकाच माणसाचे.

जानेवारी २०२४ मध्ये रंगरावांची मोटर जळाली. रंगराव गावाला लागून दोन एकरांत भाजीपाला करतात आणि रोज सकाळी स्वतःच बाजारात नेऊन विकतात. लतीफाबींनीच ती मोटर नऊ दिवसांपूर्वी बांधून दिली होती. परत आल्यावर त्यांनी ती उघडली, तारा कापल्या आणि कापलेली टोकं मोजली. मी पिग्मीच्या पावतीसाठी तिथं बसलेलो होतो. सगळ्या खाचांत चाळीस. एकीत अडतीस.

"मुन्नाचा फोन आला होता तवा," त्या म्हणाल्या. "चिंचोका आधी सरकवला आन फेरे मागून टाकीन म्हटलं. ते राहूनच गेले."

रंगरावांचा वांग्याचा एक वाफा तोवर वाळला होता. ते रागावले नाहीत. पाठीमागे हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "असू दे, आपा. दोन फेऱ्याचे पैसे कापून घेजा."

मोटर लतीफाबींनी दुसऱ्यांदा बांधून दिली, पैसे घेतले नाहीत. पण त्या दिवशी आम्हा दोघांसमोर त्या जे बोलल्या ते मी आजही शब्दशः सांगू शकतो. "यापुढं माह्या मोजणीनं एक जरी मोटर जळली ना, तं शटर मी सोता खाली ओढीन. त्या बोर्डावर चांदमियाचं नाव हाये."

फोन बंद ठेवा, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फोन बंद तं गिऱ्हाईक बंद. आन ज्याची मोटर जळली त्याले मी काय सांगू, बाई मोजून राह्यली म्हणून?"

फोनवरचा ग्रुप आधीपासून होता. त्याचा उपयोग झाला नाही. सकाळी फुलांची चित्रं, दुपारी विनोद, आणि मध्येच कुणाचा तरी प्रश्न. साडेसात एचपीच्या एका मोटरीचा डाटा एका महिन्यात अकरा वेळा विचारला गेला आणि अकरा वेळा लतीफाबींनीच दिला. फोन बदलला की मागचं सगळं जायचं. म्हणून फोरम. लतीफाबींनी वही द्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. "या रब्बीचा सीझन पाह्यते. फोन थांबले तं ठीक. नाई थांबले तं मार्चमध्ये दुकान बंद करते आन किन्हीराजाले भावाकडे जाऊन राह्यते. अर्ध्या कानानं काम नाई करत मी."

वर्गणी शंभर टक्के जमली ती या वाक्यानंतर.

पुढचं काम माझं होतं आणि ते मी माझ्या पद्धतीनं केलं. वाशिमला उज्ज्वला नावाच्या बाई संगणकाचे वर्ग चालवतात आणि वेबसाइटही करून देतात. त्यांनी पाच हजारांत फोरम उभा करून द्यायचं ठरलं. राहिला प्रश्न तो ठेवायचा कुठं. वेबसाइट ठेवायची म्हणजे कुठल्या तरी कंपनीच्या संगणकावर जागा भाड्यानं घ्यावी लागते, त्याला होस्टिंग म्हणतात. आमच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे मी तीन दरपत्रकं मागवायला सांगितली. उज्ज्वलाताई हसल्या. "काका, या कंपन्या बंद पाकिटात दर नाही पाठवत. सगळं साइटवर लिहिलेलं असतं." मग मी त्या पानांच्या छापील प्रती काढून घेतल्या, त्यावर तारीख टाकली, सही केली आणि फाइलला लावल्या.

एक दर मी लगेच बाद केला. पहिल्या वर्षी नऊशे आणि दुसऱ्या वर्षापासून सव्वाचार हजार, असं खालच्या बारीक अक्षरांत होतं. उरले दोन. पहिला वर्षाला रुपये ३,५४०, त्यात आपला फोरम एकाच संगणकावर इतर शेकडो वेबसाइटींच्या बरोबर राहणार. दुसऱ्यात आपल्यापुरता वेगळा भाग, दरमहा ९४४, म्हणजे वर्षाला ११,३२८. नावाच्या नोंदणीचे ९४४ आणि उज्ज्वलाताईंचे पाच हजार दोन्हीकडे सारखेच. स्वस्तात ९,४८४ मध्ये काम होत होतं. महागात १७,२७२ लागत होते आणि खात्यात १४,७५० होते.

"फरक जागेचा नाही," उज्ज्वलाताईंनी समजावलं. "जागा दोन्हीकडे पुरेल. फरक आहे एकाच वेळी किती जण डेटाबेसला प्रश्न विचारू शकतात त्याचा. स्वस्तात पंचवीस जोडण्या. सव्विसाव्याला थांबावं लागतं, आणि फार वेळ थांबला तर पान उघडतच नाही."

मी कागद घेतला. एकशे अठरा सभासद. प्रत्येकानं दिवसाला दहा पानं उघडली असं उदार मनानं धरलं तर एक हजार एकशे ऐंशी पानं. कामाचे तास बारा, मिनिटं सातशे वीस. मिनिटाला दोन पानंसुद्धा होत नाहीत. पंचवीस म्हणजे गरजेच्या बारापट. हा हिशोब मी तक्त्यात मांडला आणि दुकानात नेऊन लतीफाबींना वाचून दाखवला.

त्यांनी ओठ थांबेपर्यंत मला थांबवलं. मग विचारलं, "सुरू व्हायचा करंट धरला काय याच्यात?"

"कसला करंट?"

"मोटर चालू असते तवा समजा दहा घेते. पन सुरू होते त्या घडीले साठ ओढते. डीपी उडते ते चालू मोटरीनं नाई उडत, मुनीमभाऊ. लाइन येते, साऱ्याइचे आपोआप चालू करायचे ऑटो लागून असतात, साऱ्या मोटरी एकदम उठतात. तवा उडते."

"आपा, ही वेबसाइट आहे. हिला ऑटो नसतो."

"माणसाईले असते," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाचेकडे वळल्या.

मी तो मुद्दा टिपून घेतला नाही आणि स्वस्तातली जागा घेतली. उज्ज्वलाताईंनी रोजच्या रोज सगळ्या मजकुराची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवायची सोय सुचवली होती, महिन्याला एकोणसाठ रुपये. तीही मी अनावश्यक म्हणून काढली. शिल्लक ५,२६६ राहिली आणि मला समाधान वाटलं.

ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे मी रोज संध्याकाळी दुकानात बसून वही उतरवली. लतीफाबी नोंद वाचायच्या, मी खाचा, तार, फेरे असे रकाने पाडून लिहायचो. 'पाटलाची, आवाज करते ती' म्हणजे साडेसात एचपी, हे त्यांनाच ठाऊक. माझ्या सवयीनं मी वहीच्या शेवटच्या पानांवर खतावणीही काढली, एचपीप्रमाणे आणि खाचांप्रमाणे, समोर पान नंबर. सगळं फोरमवर चढल्यावर मी उज्ज्वलाताईंना विचारलं की याला जागा किती लागली. त्या म्हणाल्या, पाव एमबी. मुन्नानं जळालेल्या मोटरीचा एक फोटो टाकला होता, तो चार एमबीचा होता.

मी लतीफाबींना सांगितलं, "मुन्नाच्या एका फोटोत तुमच्या सोळा वह्या बसतील."

त्यांनी वही हातात घेतली. "अठ्ठावीस साल," म्हणाल्या, "आन एवढंसंच?" मग म्हणाल्या, "बरं हाये. हलकं हाये तं कुठंही नेता येईन."

सप्टेंबर, ऑक्टोबर शांत गेले. फोन खरोखरच कमी झाले. दिवसाला वीस यायचे ते चार-पाचावर आले. फोरमवर मात्र माणसं वाढत होती. हिंगोलीचे, अकोल्याचे, बुलडाण्याचे कारागीर यायला लागले, कारण डाटा फुकट होता. नोव्हेंबरअखेर नोंदलेले लोक तीनशे चाळीस. मी ती संख्या अहवालात आनंदानं लिहिली. तक्त्यातली एकशे अठरा मात्र बदलली नाही.

सोमवार, २ डिसेंबर. त्याआधी तीन दिवस शेतीची थ्री फेज बंद होती. गहू, हरभरा पाण्याला आलेला. रविवारी संध्याकाळी लाइन आली, तीही कमी दाबानं, आणि सगळ्यांचे ऑटो लावलेले. किती मोटरी जळाल्या ते मला माहीत नाही. सकाळी आठला मी पावतीपुस्तकावर सही घ्यायला दुकानात गेलो, तेव्हा दारात तीन मोटरी पडल्या होत्या आणि चौथी, आतली, रंगरावांची होती. रंगराव स्टुलावर बसले होते.

"तुमची परत?" मी विचारलं.

"या खेपेले लाइननं जाळली," ते म्हणाले. "आपाचा काई दोष नाई. हप्ताभरापूर्वी मेथी टाकली, म्हणून बसलो. नजर ठेवतो, फेरे पुरे टाकते का नाई ते."

लतीफाबींचे ओठ हलत होते. त्यांनी चिंचोका सरकवला आणि रंगरावांकडे नुसतं पाहिलं.

आठ दहाला फोन वाजला. त्यांनी उचलला नाही. थांबला, परत वाजला. मग दुसरा नंबर. मी फोरम उघडून पाहिला. पांढरं पान, मध्ये गोल फिरणारी खूण. पुन्हा उघडलं, तेच. तिसऱ्यांदा दाबलं. उज्ज्वलाताईंना फोन लावला तर त्या आधीच बसल्या होत्या. "पंचवीसच्या पंचवीस भरल्यात, काका. आणि पान उघडलं नाही की लोक परत परत दाबतात. एकेक माणूस पाच माणसांएवढा झालाय. तुम्हीपण दाबू नका."

लतीफाबींचा फोन वाजतच होता. त्यांच्या हातात तार होती, उजव्या बशीत तीन चिंचोके. त्यांना बोलता येत नव्हतं. बोलल्या असत्या तर आकडा गेला असता. त्यांनी हनुवटीनं फोन दाखवला, मग वही दाखवली, मग मला.

मी फोन घेतला, वही घेतली आणि दुकानाबाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

"हॅलो, खाला, ते फोरम तं खुलूनच नाई राह्यलं," मुन्ना होता.

"मी मुनीम बोलतोय. काय पाहिजे?"

"अरे, तुमी कवापासून तार बांधायले लागले?"

"एचपी सांगा."

"पाच. चोवीस खाचा. पन मुनीमजी, तुमी सांगसान आन मी टाकीन, आन जळली तं?"

"वहीतलं वाचून सांगतोय. पान एकोणसत्तर. लिहून घ्या."

त्यानं लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. मी ते वहीशी ताडून पाहिलं. नंतरच्या प्रत्येकाला मी तेच करायला लावलं. फोन ठेवला की लगेच पुढचा. मी बोलत असताना दुसरे प्रयत्न करत होते आणि फोनवर चुकलेल्या कॉलचे आकडे चढत होते. पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी प्रत्येक कॉलची वेळ लिहायला सुरुवात केली. तेवढंच मला येत होतं. हिंगोलीचा एक जण म्हणाला, अर्धा तास लावून राह्यलो, तुमी हाये कुठं. मी म्हटलं, मी इथंच आहे, पण एकटा आहे. त्याला सांगताना मला समजलं की सव्विसावा माणूस म्हणजे काय. माझ्याकडे तर एकच जोडणी होती.

मध्ये एकदा मी आत पाहिलं. रंगराव दारात आडवे उभे होते, पाठ रस्त्याकडे. कुणी आत जायला लागला की ते म्हणत, "थांब बापा. मोजून राह्यली." एक गिऱ्हाईक रागावलं. रंगराव त्याला म्हणाले, "माह्या दोन फेऱ्यापायी एक वाफा गेला होता. तुहे किती एकर हाये?" तो माणूस बाहेर माझ्याजवळ येऊन बसला.

पावणेअकराला फोन थंडावले. मी ऑफिसला पाऊण तास उशीर होईल असं कळवलं होतं, चौतीस वर्षांत दुसऱ्यांदा. नोंदींची बेरीज केली. आठ दहा ते पावणेअकरा, चुकलेले धरून चौसष्ट कॉल. त्यातले एकतीस आठ चाळीस ते नऊ दहा या अर्ध्या तासातले, आणि त्यातले मी नऊच घेऊ शकलो होतो. पूर्ण दिवसाची सरासरी काढली असती तर तासाला पाच-सहा आले असते आणि एक माणूस पुरला असता. मी असाच तक्ता ऑगस्टमध्ये केला होता.

मी ते पान आत नेऊन लतीफाबींना दाखवलं. त्यांची शेवटची खाच झाली होती. चिंचोके परत डाव्या बशीत ओतत त्यांनी पान पाहिलं.

"सुरू व्हायचा करंट," मी म्हटलं.

"मंग? कितीची मोटर लागते आता?"

उज्ज्वलाताईंना मी फोनवर ते आकडे वाचून दाखवले. त्यांनी फोरमवरची नोंदही सांगितली, एका वेळी साठ-सत्तर जण दार वाजवत होते. त्यांचं म्हणणं पडलं की शंभर जोडण्यांचा वेगळा सर्व्हर घ्यावा, दोन जीबी मेमरी आणि चाळीस जीबी जागा. त्याहून मोठा नको, कारण अशा सकाळी वर्षात आठ-दहाच येतात. आणि फोटो चढतानाच लहान करायची सोय त्या लावतील. पूर्ण वर्षाचं लगेच भरायची गरज नाही, सीझनचे चार महिने भरा, दरमहा ९४४ प्रमाणे रुपये ३,७७६. पैसे आता भरले तर संध्याकाळपर्यंत सगळं तिकडे हलेल.

संघटनेचं खातं चेकचं आहे आणि चेकवर दोन सह्या लागतात, माझी आणि अध्यक्षांची. अध्यक्ष रिसोडला. मी लतीफाबींना सांगितलं की चेक घेऊन उद्या एसटीनं जातो.

"उद्या परत सकाळ होईन," त्या म्हणाल्या. हात पुसले, फोन माझ्याकडून घेतला आणि उज्ज्वलाताईंनी पाठवलेल्या दुव्यावर स्वतःचे पैसे भरून टाकले. मग विचारलं, "आन दुसरी प्रत ठेवायचं म्हणे होते ते?"

"ते मी काढून टाकलं होतं, आपा. एकोणसाठ रुपये महिना."

"काहून?"

पहिल्या वहीचं काय झालं ते मला त्यांनीच सांगितलेलं होतं. त्यांनी दुपारी चार महिन्यांचे दोनशे छत्तीस रुपये वेगळे भरले.

त्या संध्याकाळी सात वाजता फोरम नव्या जागेवर सुरू झाला. रंगरावांची मोटर तीन तारखेला बोअरमध्ये उतरली. लतीफाबी ती पाहायला स्वतः मळ्यात गेल्या, तसं त्या सहसा करत नाहीत. पाणी आल्यावर रंगराव म्हणाले, "आपा, या खेपेले दोन फेरे जास्त टाकले काय? पाणी जोरात हाये."

"मोजून घे," त्या म्हणाल्या. "उघडून देऊ काय?"

जानेवारीत अशाच दोन सकाळी आल्या. दोन्ही वेळी जोडण्या सत्तरच्या घरात गेल्या आणि पानं उघडत राहिली. दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम दुकानात जाऊन बसलो होतो, पावतीपुस्तक उघडून. दोन तासांत लतीफाबींचा फोन तीनदा वाजला. दोन गिऱ्हाइकांचे आणि एक किन्हीराजाहून भावाचा. तो मी उचलला; भावानं विचारलं, ती मार्चमध्ये येते ना, खोली साफ करून ठेवू का. त्यांनी ओठ थांबल्यावर उलटा फोन केला आणि सांगितलं की ईदला चार दिवस येईन, सामान नाही आणणार.

या सीझनला त्यांनी सत्तावन्न मोटरी बांधल्या. मोजणीमुळे एकही परत आली नाही. रंगरावांची अजून चालू आहे.

९ मार्च २०२५ रोजी संघटनेची सभा झाली. रमजान होता, म्हणून सभा दुपारीच उरकली आणि चहा ठेवला नाही. लतीफाबींनी भरलेले रुपये ३,७७६ परत करण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला आणि त्यांना चेक दिला, दोन सह्यांचा. पुढच्या वर्षी वर्गणी दीडशे करून वेगळा सर्व्हर कायम ठेवायचंही ठरलं. दुसऱ्या प्रतीच्या खर्चाचा विषय मी विषयपत्रिकेत घालायचा विसरलो होतो. विषयपत्रिकेत नसलेला खर्च मंजूर करता येत नाही, हा नियम संघटनेच्या घटनेत मीच लिहिलेला आहे. मी खिशातून पैसे काढले, तर लतीफाबींनी हात मागे घेतला. "तुमचे कायले? संघटनेनं द्यावं. लिहून ठेवजा."

पुढची सभा ऑगस्टमध्ये आहे. लतीफाबींचे दोनशे छत्तीस रुपये संघटनेकडून देणे आहेत.